बदामाचे बूट

नेपरव्हिल
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय नीला,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, फोन करायचा सोडून ताईला पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली. कारण असं आहे की या घरात भिंतींपेक्षा फोनला जास्त कान आहेत. मला आलेला मेसेज अतुलच्या आयपॅडवरही उमटतो. व्हिडिओ कॉल लावला की रुपाली मागून 'हाय मावशी' म्हणत फ्रेममध्ये शिरते. आणि मला जे सांगायचं आहे ते मुलाला आणि सुनेला कळता कामा नये. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक आहे, पण सांगायला मला दुसरं आहे कोण?

तर, मी सध्या घरात खोटं बोलते आहे.

गेल्या हिवाळ्यात दारातल्या बर्फावर घसरून माझं मनगट मोडलं, तेव्हापासून अतुलने मला एकटीने बाहेर पडायची बंदी केली. खूप हुज्जत घातल्यावर लायब्ररी मंजूर झाली. तिथे म्हाताऱ्या मंडळींचा वाचनगट असतो असं मी सांगितलं. असतोही. मी त्यात एकदा गेले, सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, मी उठून आले. आता रुपाली घरून काम करते त्या दिवशी दुपारी मला लायब्ररीच्या दारात सोडते. गाडी वळली की मी मागच्या दाराने बाहेर.

पहिल्या दिवशी नुसतीच हिंडत होते. स्टेशनजवळच्या गल्लीत एका दुकानाच्या काचेत फळांची परडी दिसली. सफरचंदं, चेरी, आणि एक नासपती चक्क सडकी. डाग पडलेली, अळीचं भोक असलेली. आत जाऊन मी काउंटरमागच्या म्हाताऱ्याला सांगितलं की तुमचं फळ सडलंय. त्यांनी काही न बोलता ती नासपती आणली, कापली आणि फोड माझ्या हातावर ठेवली. अगं, बदामाची वडी. तूप नाही, वेलदोडा नाही, पण बाकी आपलीच. याला इथे मार्झिपान म्हणतात. बदाम आणि साखर वाटून मळलेला गोळा, त्याची हवी ती वस्तू करायची आणि वर रंगवायची.

या गृहस्थांचं नाव एमिल क्राउस. वय चौऱ्याऐंशी. ऑस्ट्रियात ग्राझ नावाच्या गावी लहानपणी मिठाईवाल्याकडे उमेदवारी केली आणि मग इथे येऊन जन्मभर हेच केलं. मी विचारलं, अमेरिकेत कसे आलात? म्हणाले, जहाजावर खानसामा होऊन. पुढच्या खेपेला म्हणाले, हातमोजे विकणाऱ्या एका मुलीमागे. नागपूरच्या कोर्टात आयुष्यभर मी साक्षी टाइप केल्या आहेत, नीला. खोटा साक्षीदार मला लगेच कळतो. पण इतका आनंदाने खोटं बोलणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

त्या दिवशी ते चेरीचं देठ रंगवत होते आणि कुंचला थरथरत होता. म्हणाले, ट्रेन गेली की दुकान हलतं. ट्रेन जाऊन बराच वेळ झाला होता. मी त्यांच्या हातातून कुंचला घेतला आणि देठ पुरं केलं. तेव्हापासून काचेतली फळं मी रंगवते, आणि गाव म्हणतं, बघा, या वयातही क्राउसचा हात कसा स्थिर आहे.

हे फाडून टाक.

तुझी,
ताई


सनीव्हेल
२६ ऑक्टोबर २०२४

ताई,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं आणि साबुदाण्याच्या डब्यात ठेवलं. या घरात साबुदाण्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

तू काय धाडसाची कामं करते आहेस आणि मी इथे काय करते, तर सकाळी पार्कात बाकीच्या आज्यांबरोबर चकरा. पोरं कंपनीच्या शटलने निघून गेली की आम्ही सगळ्या आपापल्या सुनांच्या, जावयांच्या तक्रारींची अदलाबदल करतो. माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. जावई केदार सभ्य आहे, लेक इशिता सभ्य आहे, फरशी पुसायला आपोआप फिरणारं मशीन आहे. परवा मी मुद्दाम त्या मशीनच्या वाटेत खुर्ची ठेवली, तेवढीच करमणूक.

पण ताई, तुझी शुगर? रोज त्या साखरेच्या गोळ्यात बसणार आणि चाखणार नाहीस? शिवाय तुझी रुपाली भारी चाणाक्ष आहे. गप्प बसते याचा अर्थ तिला दिसत नाही असा नाही. मी असते तर पहिल्याच दिवशी मागच्या दारावर येऊन उभी राहिले असते.

मी कुणाला सांगितलेलं नाही. तीळ भिजतोय. मला एक सडकी नासपती पाठव.

तुझी,
नीला


नेपरव्हिल
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय नीला,

नासपती वाटेत मऊ होईल म्हणून सोबत आक्रोड पाठवला आहे. फोडायला अडकित्ता घेऊ नकोस.

शुगरचं म्हणशील तर मी खात नाही, करते. कोर्टात तरी मी कुठे गुन्हे करत होते?

दिवाळीत गंमत झाली. मंडळाचा फराळ एका शाळेच्या हॉलमध्ये होता. बटाटेवड्यांची जबाबदारी रुपालीने घेतली होती. मी एमिलला सांगितलं की आमच्याकडे वड्याबरोबर हिरवी मिरची देतात. तो म्हणाला, एक आणून दाखवा. मी नेली. त्याने ती भिंगाखाली धरली, उलटसुलट केली, देठाजवळची सुरकुती मला दाखवली. मग मी मार्झिपानच्या मिरच्या केल्या आणि तळलेल्या दिसाव्यात म्हणून वरून चकाकी दिली. हॉलमध्ये गेल्यावर खऱ्या मिरच्यांत मिसळल्या.

आमचे चंद्रशेखर काका तुला आठवतात ना, अध्यक्ष, विदर्भाचा ठेचा कसा बाटलीभर खातो ते सांगणारे. सात-आठ पोरांना जमवून त्यांनी आख्खी मिरची तोंडात टाकली. चावली. डोळे मोठे केले. तिखट लागावं म्हणून वाट बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात पत्नीला म्हणाले, अगं, मला चव समजेनाशी झाली आहे बहुतेक. त्या बिचारीने त्यांना बसवून पाणी दिलं. तेवढ्यात पलीकडे कुणाला तरी दुसरी गोड मिरची लागली आणि हॉलभर शोध सुरू झाला. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. रुपालीने मात्र माझ्याकडे एकदाच पाहिलं. नुसतं पाहिलं आणि ताट भरायला लागली. तुझं म्हणणं खरं असावं.

एमिलला सगळं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्याला धाप लागली आणि मी घाबरले. त्याचं हृदय बरं नाही, नीला. त्याचं म्हणणं असं की लोकांना फसवावं जरूर, पण फसल्यावर त्यांच्या तोंडात गोड पडलं पाहिजे. तेवढा एकच नियम.

एक सांगायचं राहिलं. त्याची टोपी आणि चष्मा सध्या माझ्याकडे आहेत, कपाटात साड्यांखाली. बूट पुढच्या आठवड्यात आणणार आहे. कारण आता विचारू नकोस.

ताई


सनीव्हेल
२ डिसेंबर २०२४

ताई,

आक्रोड केदारने फोडायला घेतला आणि त्याचा अंगठा आत रुतला. मी सांगितलं, पार्कातल्या मैत्रिणीने दिला.

आता मुद्द्यावर येते. पहिल्या पत्रात 'क्राउस', 'ते', 'गृहस्थ'. दुसऱ्या पत्रात 'एमिल', 'तो', 'त्याचं हृदय'. हा 'तो' कधीपासून झाला? मी कोर्टात नव्हते, पण मराठी मलाही येतं. आणि परक्या पुरुषाची टोपी साड्यांखाली? बूट पुढच्या आठवड्यात? त्यानंतर काय, कोट आणि मग तो स्वतः?

मी धक्का बसल्याचं नाटक करणार नाही. भाऊजींना जाऊन नऊ वर्षं झाली. ते असते तर त्यांनीच तुला म्हटलं असतं, सुहास, बघ बाई, चांगला माणूस असेल तर. पण चौऱ्याऐंशीचा? हृदय बरं नसलेला? निवडायचा होता तर जरा टिकाऊ निवडायचास.

काय आहे ते स्पष्ट लिही. मला काहीही चालेल, पण मला सगळ्यांत शेवटी कळलेलं चालणार नाही.

नीला


नेपरव्हिल
१५ डिसेंबर २०२४

नीला,

तुझं पत्र मी दुकानात बसून वाचलं आणि एमिलला भाषांतर करून सांगितलं. 'टिकाऊ' शब्दावर तो खूश आहे. म्हणाला, तुमच्या बहिणीला सांगा, माल जुना आहे पण बनावट उत्तम.

इंग्रजीत बोलताना सगळेच 'तो' असतात, बाई. बाकी तुझ्या मनात आहे तसलं काही नाही. आहे ते त्याहून विचित्र आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी एमिलला सांगितलं आहे की आता ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. उन्हाळा दिसेलच असं नाही. हे त्याने मला चॉकलेट वितळवता वितळवता सांगितलं. इथे माणूस गेला की एक सभा ठेवतात. टेबलावर त्याचा फोटो आणि त्याच्या नेहमीच्या वस्तू मांडतात, लोक रांगेने बघत जातात, हळू आवाजात बोलतात आणि शेवटी कागदी बशीत कोरडा केक खातात. एमिल त्याच्या सगळ्या मित्रांच्या अशा सभांना जाऊन आला आहे. त्याची पत्नी हाना गेली तेव्हाही असंच झालं. त्याच्या मनात तेव्हापासून एक बेत आहे. त्याच्या सभेत टेबलावर त्याची टोपी, चष्मा, पाइप आणि बूट ठेवलेले असतील, आणि सगळं मार्झिपानचं असेल. लोकांनी गंभीर चेहऱ्याने ते बघून घ्यायचं. मग कुणीतरी टोपीचा तुकडा मोडून तोंडात टाकायचा.

हे त्याला स्वतः करायचं होतं. हात ऐकत नाहीत. म्हणून मी.

मी त्याला विचारलं, भीती नाही वाटत? त्याने बराच वेळ पाटा पुसला. मग म्हणाला, "लोक माझ्याबद्दल बारीक आवाजात बोलतील आणि वाईट केक खातील, याची वाटते."

बुटांचा पहिला जोड झाला. काय सुंदर झाला होता, टाचेला झिजलेली कड, नाडीला गाठ. पण एमिल जिवंत राहिला आणि बदामाचा वास जुना व्हायला लागला. मग आम्ही दोघांनी त्याचा उजवा बूट कॉफीबरोबर खाल्ला. मी जिभेपुरताच. आता नवा उजवा झाला आहे, चष्मा आणि पाइपही. नवा डावा बूट आणि टोपी राहिली. टोपी सगळ्यांत अवघड, कारण ती लोकरीची दिसायला हवी.

यातलं त्याच्या पुतणीला काही माहीत नाही. ग्रेटा तिचं नाव, ओहायोत डब्लिनला असते, विमा कंपनीत हिशेब तपासते. एमिल म्हणतो, लहानपणी ती फार हसायची, मग ऑडिटर झाली. तिला हे कोण सांगणार आणि ती होऊ देईल का, हा प्रश्न आहेच.

अमेरिकेत कसा आला याची तिसरी हकिकत परवा ऐकली. त्याच्या मालकाने महापौरांच्या बायकोसाठी केक केला होता, त्यात एमिलने मार्झिपानचा उंदीर लपवला आणि त्याला गाव सोडावं लागलं. ही खरी असावीशी मला वाटते, आणि नेमकी म्हणूनच खोटी असेल.

यातला एक शब्दही बाहेर जाऊ देऊ नकोस.

ताई


सनीव्हेल
४ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

नवं वर्ष सुखाचं जावो. इथे पाऊस आहे. केदारच्या अंगठ्याला बरं आहे.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले आणि हसले. इशिताने विचारलं काय झालं. मी म्हटलं, कांदा. ती म्हणाली, आई, तू साबुदाणा भिजवते आहेस.

बाकी विशेष काही नाही. इशिता सहज विचारत होती तुझ्याबद्दल. मी काहीच बोलले नाही. एवढंच म्हटलं की ताई फार आनंदात आहे, तर तिला संशय आला. मग थोडं इकडचं तिकडचं बोलणं झालं.

तुझ्याकडे बर्फ फार आहे म्हणतात. जपून चाल.

नीला


नेपरव्हिल
१८ जानेवारी २०२५

नीला,

'थोडं इकडचं तिकडचं' काय होतं ते मला आता कळलं आहे.

रविवारी अतुलला इशिताचा फोन आला. फोन ठेवून तो माझ्या खोलीत आला, दार लावलं, आणि विचारलं की लायब्ररीच्या नावाखाली मी कुठल्या म्हाताऱ्याच्या घरी जाते. घर नाही, दुकान, असं मी म्हटलं. त्याने काही फरक पडला नाही. मग त्याने कपाट उघडायला सांगितलं. टोपी निघाली. माझ्या त्या क्षणीच्या चेहऱ्याचं वर्णन करण्यासारखं नाही.

मला वाटलं होतं तो ओरडेल. तो पलंगावर बसला आणि म्हणाला, "आई, त्या दिवशी तू बर्फात पडली होतीस, मी येईपर्यंत कुणाला कळलंसुद्धा नव्हतं. आता तर तू कुठे आहेस हेही मला माहीत नसतं. तुला काही झालं तर?"

मी म्हटलं, "मला काही होतच नाही रे, हीच तर अडचण आहे."

त्याला ते समजलं नाही, की समजलं आणि आवडलं नाही, माहीत नाही. लायब्ररी बंद. बर्फ जाईपर्यंत घराबाहेर पडायचं ते घरच्या कुणाबरोबर. मार्झिपान कशासाठी हे मी सांगितलं नाही. मरणाची थट्टा ऐकायच्या मनःस्थितीत तो नव्हता.

मी खोलीबाहेर आले तेव्हा रुपाली ओट्याशी उभी राहून घासलेलंच पातेलं पुन्हा घासत होती. इशिताने सांगितलं हे खरं, पण हिने खतपाणी घातलं असणार, दिवाळीपासून हिची नजर आहेच माझ्यावर. हल्ली ऑफिसातून येते तीही उशिरा. म्हणे ट्रेन लेट असतात.

एमिलला दुकानाच्या नंबरवर फोन केला. दोन दिवस हॉस्पिटलात राहून आला होता. त्याने तक्रार केली नाही. म्हणाला, जर्मनमध्ये बाईंना म्हणतात तसं, "फ्राऊ सुहास, टोपी राहिली." आणि मग म्हणाला, काळजी करू नका, मी थांबायचा प्रयत्न करतो.

मी शब्द दिला होता, नीला. मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द, आणि मी इथे खिडकीतून बर्फ बघत बसले आहे. पोस्टमनसाठी पत्रपेटीचा लाल झेंडा वर करायला अंगणापर्यंत जायची तेवढी परवानगी आहे.

ताई


सनीव्हेल
२८ जानेवारी २०२५

ताई,

मी फक्त इशिताला सांगितलं. इशिता म्हणजे काय बाहेरची? आणि मी तिला सगळं सांगितलंच नाही, बूट आणि टोपी एवढंच सांगितलं. बाकीचं तिने तिच्या मनाने जुळवलं. तिची कल्पनाशक्ती माझ्यावर गेली त्याला मी काय करू. शिवाय तू 'कुणाला सांगू नकोस' असं लिहिलं नव्हतंस, 'बाहेर जाऊ देऊ नकोस' असं लिहिलं होतंस. कोर्टातल्या बाईने शब्द नीट वापरावेत.

मी इशिताला खूप बोलले. तिने अतुलला परत फोन करून समजावायचं कबूल केलं आहे, पण तो मीटिंगमध्ये असतो.

आता नीट ऐक. काल रुपालीचा मला फोन आला होता, तोही तिच्या ऑफिसमधून. इकडच्या तिकडच्या गप्पा मारून विचारलं, मावशी, आई लहानपणी रांगोळी काढायच्या तेव्हा बारीक रेघ कशी काढायच्या, बोटाने की काडीने? मी म्हटलं, बोटाने, आणि श्वास रोखून. तिने ते लिहून घेतलं असावं, कारण मध्ये थांबली. सून सासूच्या रांगोळीची चौकशी कशाला करेल? पुरावे गोळा करते आहे. जपून राहा. तिच्यासमोर हातात कुंचला दिसू देऊ नकोस.

तुझी (रागावू नकोस),
नीला


नेपरव्हिल
१८ मार्च २०२५

प्रिय नीला,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू इशिताकडून फोन करवलास, पण फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. सावकाश बसून वाच.

एमिल फेब्रुवारीच्या शेवटी गेला. सकाळी दुकान उघडायला खाली आला, खुर्चीत बसला आणि तिथेच गेला. ग्रेटाने आमच्या घरी फोन केला, कारण शेजारच्या दुकानदाराने तिला कळवताना एमिलच्या फोनशेजारी चिकटवलेला आमचा नंबरही सांगितला होता. अतुल ऑफिसला निघून गेला होता. रुपालीने फोन घेतला, ऐकला, ठेवला. मी टेबलाशी बसले होते. तिने मला सांगितलं, मग ऑफिसला कळवलं की आज येत नाही, आणि माझ्यासमोर येऊन म्हणाली, "आई, कोट घाला. टोपी करायची आहे ना?"

दिवाळीच्या मिरचीपासून तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, मिरचीचं देठ तुम्ही उजवीकडे वाकवलंत, भाजी निवडताना तुम्ही देठं तशीच मोडता. मग एक दिवस ट्रेनमधून उतरून ती दुकानात शिरली, काचेतल्या फळांबद्दल विचारलं, आणि एमिलने तिला सगळं सांगून टाकलं. मला बंदी झाल्यापासून ती ऑफिसहून येताना दर संध्याकाळी दुकानात जात होती. लेट होणारी ट्रेन ती ही. डावा बूट तिने केला होता. टोपीचा साचाही घडवून ठेवला होता, फक्त लोकर तिला साधत नव्हती. रांगोळीची चौकशी त्यासाठी.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती गाडीवरचा बर्फ खरवडत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तर नीला मावशींना कळणार. मावशींना कळलं की इशिताला, आणि इशिताला कळलं की अतुलला. आधीच एकदा तेवढा वळसा झाला होता."

यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

दुकानात गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. मी थोडा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. रुपालीने तेवढ्यात बदामाचा गोळा मळायला घेतला आणि माझ्याकडे पाठ केली, ते मला बरं वाटलं. मग कामाला लागलो. लोकर दिसावी म्हणून सुईने टोचून एकेक धागा उठवायचा होता. श्वास रोखून, बोट टेकवून. रुपाली मागची बाजू करत होती, मी पुढची. मध्येच ती म्हणाली, डाव्या बुटाची टाच जरा जाड झाली आहे. होती. मी म्हटलं, चालतं, त्याचा डावा पाय ओढायचा.

दुपारी ग्रेटा आली. ओहायोहून एकटी गाडी चालवत. उंच, काळा कोट, केस घट्ट बांधलेले. आम्हा दोघींकडे तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि टेबलाकडे गेली. एमिलचा चष्मा तिथे पडलेला. तो उचलून म्हणाली, हा मी माझ्याकडे ठेवणार आहे. उचलताना दांडी तिच्या बोटांत मोडली.

बाई घाबरली. तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने बोट नाकाजवळ नेलं, जिभेला लावलं आणि भिंतीचा आधार घेऊन खाली बसली. ती हसते आहे की रडते आहे ते मला कळेना. मग वर बघून तिने विचारलं, "हे कुणाला माहीत आहे?"

"आम्हा दोघींना," रुपाली म्हणाली.

"आता तिघींना," ग्रेटा म्हणाली, आणि उरलेली दांडी खाऊन टाकली. मला नवा चष्मा करावा लागला.

सभा शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये झाली. गाव लोटलं होतं. ज्यांच्या लग्नाचे केक एमिलने केले ते नातवंडांना घेऊन आले होते. अतुल टाय लावून आला. रुपालीने त्याला एवढंच सांगितलं होतं की आईंचा मित्र गेला आहे, तू चल. लोक रांगेने टेबलापाशी गेले. एका बाईंनी बुटांकडे बघून डोळे पुसले. पाद्रीबाबांनी पाइपकडे बघून सांगितलं की माणूस जातो आणि वस्तू मागे राहतात.

मग ग्रेटा बोलायला उभी राहिली. काका अमेरिकेत कसे आले याबद्दल ती म्हणाली की तुमच्यापैकी प्रत्येकाने वेगळी हकिकत ऐकली असेल. जहाज ऐकलेल्यांनी हात वर करावेत. बरेच हात वर झाले. हातमोजेवाली? थोडे. उंदीर? मी आणि रुपाली. ती म्हणाली, मला त्यांनी चौथीच सांगितली होती, आणि ती काय आहे हे मी सांगणार नाही, कारण तीही खोटीच असणार. खरं एवढंच की त्यांनी साठ वर्षं या गावाला फसवलं आणि एकही माणूस कडू तोंडाने परत गेला नाही.

एवढं बोलून तिने टोपी उचलली, कड मोडली आणि चावली.

अतुलने माझा हात धरला, दुःखाने बाईला वेड लागलं असं त्याला वाटलं. ग्रेटाने टोपी पाद्रीबाबांपुढे केली. त्यांनी टोपीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चिमूटभर तोडून तोंडात घातली. त्यांचा चेहरा बदलत गेला तो सगळ्या हॉलने पाहिला. मग कुठेतरी मागे एक म्हातारा खो खो हसायला लागला, आणि नीला, मी कुठल्याही लग्नात ऐकलं नाही एवढं हसू त्या हॉलमध्ये झालं. लोक रडत होते आणि बूट खात होते.

अतुलच्या वाट्याला नाडी आली. चघळता चघळता तो टेबलाकडे बघत राहिला, आणि मग माझ्याकडे.

"आई, हे तू केलंस?"

"उजवा मी. डावा तुझ्या बायकोने."

परत जाताना त्याने गाडी दुकानावरून घेतली, काचेपाशी थांबवली, आणि नासपती कुठली ते दाखव म्हणाला. बर्फावर चालायचे खिळेवाले बूट त्याने दुसऱ्याच दिवशी मागवले, माझ्या मापाचे.

ग्रेटाने ईस्टरपर्यंत दुकान चालू ठेवायचं ठरवलं आहे, पुढचं पुढे. शनिवारी मी आणि रुपाली जातो. गेल्या शनिवारी सभेतला तो हसणारा म्हातारा काठी टेकत आला. नव्वदीचा, ठणठणीत. त्याने पिशवीतून मासेमारीची टोपी, कानाचं यंत्र आणि तोंडातून दातांची कवळी काढून काउंटरवर ओळीने मांडली आणि म्हणाला, मलाही असंच हवं. रुपालीने वही काढली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, कधीपर्यंत हवं?

त्याने कवळी परत तोंडात बसवली आणि म्हणाला, "मला जरा उशीर होईल. तुम्ही सुरुवात करा."

तुझी,
ताई